चौदा नंबरचा समोवार

१

मंगळवारी सकाळी हमरोबीबींनी एक समोवार माझ्या दुकानाच्या ओट्यावर ठेवला, धाप टाकली आणि म्हणाल्या, "एर्गश, हा माझा नाही."

मी कल्हईवाला, गल्लीचा उस्ता, म्हणजे कारागीर. कोकंदमधल्या आमच्या तांबटांच्या गल्लीत आता तांबट कुणी उरलं नाही. मी तेवढा आहे, तोही लोकांची जुनी भांडी उजळण्यापुरता. मधल्या नळीत निखारे टाकून चहाचं पाणी उकळायचे असे पितळी समोवार गल्लीत चार. बावन्न वर्षांपूर्वी शहरात त्यांची एकदाच खेप आली होती, तेव्हा चार घरांत आले. चारही माझ्याच हातून कल्हई होतात, आणि कुठला कुणाचा हे बाहेरून सोडाच, आत डोकावूनही मला सांगता येत नाही.

याच्या पायावर मात्र काळ्या मार्करने ठळक १४ लिहिलं होतं. चौदा नंबरचं घर हमरोबीबींचं.

"आकडा तर तुमचाच आहे," मी म्हटलं.

"आकडा असेल माझा. समोवार नाही. माझा उकळायच्या आधी गातो. हा घोरतो."

"बीबी, समोवार म्हातारा झाला की..."

"मला दिसत नाही हे गल्लीला ठाऊक आहे. ऐकू येतं हे कुणाच्या लक्षात नाही." त्यांनी ओट्याच्या कडेवर बूड टेकवलं. "शनिवारी नोसिरच्या धाकट्या मुलीचं लग्न झालं. मी समोवार दिला, अकरा आणि बावीसवाल्यांनीही दिले. चौथा नोसिरचा स्वतःचा. रविवारी नोसिरनेच माझा घरी आणून दिला. गुडघे कसे आहेत विचारलं. सोबत दोन नान, मिठाई, वर ही एवढी खडीसाखर. सोमवारी पेटवला तर हा घोरायला लागला."

आमच्याकडे दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. भांडं रिकामं पाठवणाऱ्याच्या घरी पुढच्या लग्नाला कुणी चमचासुद्धा देणार नाही. बीबींनी ओढणीच्या टोकाची गाठ सोडून खडीसाखरेचा एक पिवळा खडा माझ्या हातावर ठेवला.

"मग नोसिरला सांगायचं ना," मी म्हटलं.

"त्याच्या बायकोला सांगितलं. तिथेच चुकलं." बीबी जरा थांबल्या. "करोमतने तडक सुनेला धरलं. भांडी तिने धुतली, आकडे तिने पुसले, आणि तिचा भाऊ ताश्कंदच्या जुन्या बाजारात जुन्या वस्तू विकतो. माझ्या समोवारात चांदी आहे म्हणतात ना. झालं. शुक्रवारी भाऊ येतोय तिला न्यायला, ट्रंकेसकट. सहा महिने झाले त्या सुनेच्या लग्नाला. मला माझा समोवार हवा होता एर्गश, कुणाची सून घालवायची नव्हती."

चांदीची गोष्ट मी लहानपणापासून ऐकतोय. तीस वर्षं तो समोवार मी आतून खरवडला आहे. चांदी असती तर मी आज ओट्यावर बसलो नसतो. पण गल्लीच्या कानी हे घालण्यात अर्थ नाही.

मी कापसाला स्पिरिट लावलं आणि सहज म्हणून आकड्यावरून फिरवलं. एका हातात १४ साफ निघून गेला. मी कापसाकडे पाहिलं, मग समोवाराकडे पाहिलं, आणि भट्टी विझवली.

२

लग्नात भांड्यांवर घराचा नंबर घालायची पद्धत जुनीच. पूर्वी खडूने घालत, आता पर्मनंट मार्करने घालतात. नंतर ती शाई काढायला माझ्याकडे येतात, म्हणून या शाईचे गुण मला माहीत आहेत. थंड पितळेवरची शाई स्पिरिटने जाते. पण समोवाराच्या पायावर वरून निखाऱ्यांची धग येते, राख पडते. तिथला आकडा चार तास तापला की भाजून तपकिरी होतो आणि स्पिरिटला दाद देत नाही. मग नेलपॉलिश काढायचं औषध आणा, दंतमंजन लावा, बोटं दुखेपर्यंत घासा.

शनिवारी हे चारही समोवार सकाळपासून पेटलेले होते. लग्नाआधी घातलेला १४ असा लोण्यासारखा निघायला नको होता. म्हणजे तो लग्नानंतर, समोवार थंड झाल्यावर घातला होता.

मी समोवार आडवा करून उन्हात धरला. पायावर बारीक ओरखडे होते, गोल गोल, कुणीतरी राखेने जोर लावून घासल्याचे. आणि त्या ओरखड्यांच्या खाली पितळ एका जागी बाकीपेक्षा उजळ होतं. शाईखाली झाकलेल्या भागाला धूर लागत नाही. शाई गेली तरी तेवढी जागा गोरी राहते, मनगटावरून घड्याळ काढल्यासारखी. वर एक वेटोळं, खाली शेपूट.

"काय दिसतंय?" बीबींनी विचारलं.

"नऊ," मी म्हटलं.

नऊ नंबर नोसिरचं घर. लग्नघराने स्वतःचा समोवार चौदा नंबर घालून बीबींच्या गळ्यात मारला होता, आणि बीबींचा गायब होता.

"म्हणजे त्या सुनेनेच?" बीबींचा आवाज खाली गेला. "चोर त्या घरातलाच?"

"त्या घरात तीन माणसं राहतात," मी म्हटलं. सुनेचा नवरा, म्हणजे नोसिरचा मुलगा, रशियात कामाला. लग्नालाही आला नव्हता. उरली सासू, सासरा आणि ती.

३

करोमतने मला अंगणात बसवलं, चहा ओतला आणि पहिलंच वाक्य टाकलं. "उस्ता, तिची बाजू घ्यायला आला असाल तर चहा पिऊन जा."

"समोवाराची बाजू घ्यायला आलोय. तुमचा स्वतःचा कुठे आहे?"

"आमचा? ह्यांच्या बहिणीकडे, बुवायदा गावी. तिच्याकडे पाहुणे आहेत. रविवारी हेच देऊन आले."

"तू पाहिलास नेताना?"

"मी कशाला पाहू? घरात लग्न होतं उस्ता, मला माझे पाय कुठे आहेत ते माहीत नव्हतं." तिने ओढणीने कपाळ पुसलं. ती ढोंग करत असेल तर फार चांगलं करत होती. "शोभेची वस्तू गेली असती तर मी गिळून टाकलं असतं. पण म्हातारीच्या हुंड्यातला समोवार! उद्या गल्लीत मला कोण ताटली देईल?"

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. चोरी माफ करतील, पण भांडं बदललं हे आमची गल्ली तीन पिढ्या सांगेल.

तिथून मी अकरा नंबरला गेलो. रिसोलत दारातच भेटली. तिला कुठे जाऊन शोधावं लागत नाही, ती सगळीकडे असतेच.

"मला ठाऊक होतं तुम्ही येणार," ती म्हणाली. "भाऊ जुनं विकतो, बहीण जुनं पुसते. यात शोधायचं काय?"

"आकडे कोणी घातले?"

"मी. शुक्रवारी संध्याकाळी एकेक भांडं हातात घेऊन घातले. कढया, पराती, सुऱ्या, समोवार, सगळ्यांवर."

"आणि पुसले कोणी?"

"ती. रविवारी सकाळी करोमत अंगणाच्या मधोमध उभी राहिली, आम्ही सगळ्या बायका तिथेच, आणि म्हणाली, एकाही भांड्यावर शाई राहता कामा नये, लोक म्हणतील नऊ नंबरवाले धुवायलाही आळशी. सूनबाईने एक गुलाबी बाटली काढली, नखांची. त्या कापसाने असं भराभर काढलं की बघत राहावं. वर दंतमंजन. हे बघा आमचं."

तिने स्वतःचा समोवार माझ्यापुढे सरकवला. पाय सगळीकडून एकसारखा उजळ होता. आकड्याची सावलीसुद्धा नव्हती. मी बोट फिरवलं, ओरखडा नाही.

"छान काम आहे," मी म्हटलं.

"चोराचा हात नेहमी सफाईचाच असतो."

"आणि भांड्यासोबत काय आलं?"

"दोन नान आणि मिठाई. सगळ्यांना तेच."

"खडीसाखर?"

रिसोलतच्या भुवया वर गेल्या. "खडीसाखर कुणाला मिळाली?"

मी तिथून काढता पाय घेतला. नाहीतर संध्याकाळपर्यंत ती खडीसाखर तिने मणभर केली असती.

४

बरचिनोय, म्हणजे ती सून, मागच्या अंगणात भिंतीशी बसून कढई घासत होती. माणसाला घरातून काढायचं ठरलं तरी कढई कुणीतरी घासावीच लागते. मला पाहून ती उठली, छातीवर हात ठेवून वाकली. बोटांची टोकं पांढरी पडली होती, त्या औषधाने कातडी सुकते.

"बस, पोरी. मला दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. रविवारी तू किती समोवार पुसलेस?"

तिने हात फडक्याला पुसले. मग म्हणाली, "दोन."

"अकरा आणि बावीस?"

"हो."

"नऊ आणि चौदा?"

"ते माझ्यापर्यंत आलेच नाहीत. मला वाटलं आमचा राहू द्या म्हणाले असतील, आणि बीबींचा आधीच दिला असेल."

"हे सासूला सांगितलंस?"

"सांगितलं. त्या म्हणाल्या, मग कुणी पुसले, कबुतरांनी?"

आवाजात रडं नव्हतं. रडून झालं असावं. मी तिच्या समोरची राखेची टोपली पाहिली. लग्नात समोवार मांडले होते त्या कोपऱ्यातली राख, कढया घासायला आणलेली. मी त्यात हात घातला, चिमूट चाळून पाहिली आणि बोटांत उरलं ते कागदात बांधून खिशात टाकलं. अशी सवय आहे मला, राख हा माझ्या धंद्यातला कच्चा माल.

"यात काही सापडलं का तुला?" मी विचारलं.

तिची मान खाली गेली. कढईच्या तळाकडे ती एवढं निरखून पाहायला लागली की जणू तिथे कुणी बोलत होतं.

"दुसरी गोष्ट," मी म्हटलं. "शनिवारी समोवार कोण पेटवत होतं?"

"उस्ता, ते मला नका विचारू."

"का?"

"मी या घरात आले तेव्हा सगळे मला सूनबाई म्हणत होते. एकाच माणसाने बाळ म्हटलं." ती उठली आणि कढई उचलून आत गेली. मला ते दुसऱ्यांदा विचारायचं धैर्य झालं नाही.

५

नोसिर छपरावर कबुतरांच्या खुराड्यापाशी होता. आमची मैत्री चाळीस वर्षांची. गल्लीतल्या प्रत्येक लग्नात समोवार तो सांभाळतो, आणि प्रत्येक लग्नात एकदा तरी सांगतो की माझ्या हातून आजवर एकही समोवार कोरडा पडला नाही. आम्ही त्याची थट्टा करतो, पण ते खरं आहे.

"ये, वर ये," तो शिडीवरून वाकून म्हणाला. "गुडघे चालतात ना अजून?"

मी चढलो. एक कबुतर त्याच्या मुठीत होतं. त्याच्या पायातल्या ॲल्युमिनियमच्या कड्यावर तो मार्करने आकडा घालत होता. झालं तसं त्याने कबुतर उडवलं आणि चहाचा पियाला माझ्याकडे सरकवला. मग सवयीने कोटाच्या खिशात हात घालून खडीसाखरेचा पिवळा खडा काढून माझ्या पियाल्यात टाकला.

"मुलगी चांगली आहे," तो स्वतःहूनच म्हणाला. "मी करोमतला सांगितलं, जाऊ दे, चूक माणसाकडून होते. पण बायका ऐकतात कुठे?"

"काय चूक झाली तिच्याकडून?"

"म्हणजे, झाली असेल तर." तो आकाशाकडे बघायला लागला. "चार दिवस माहेरी राहील, वातावरण निवळेल. मग मी स्वतः जाऊन आणेन."

"ट्रंक नेऊन परत आणलेली सून तू या गल्लीत किती पाहिल्यास?"

त्याने मार्करला टोपण लावलं. खुराड्याच्या कोपऱ्यात दाण्यांची पोती रचलेली होती आणि कबुतरं एका पोत्यावर बसत होती, दुसऱ्यावर नाही. दुसरं पोतं जरा टोकदार होतं. मी पाहिलं, आणि मी पाहिलं हे त्याने पाहिलं.

"नोसिर," मी उठताना म्हटलं, "बीबींचा समोवार ज्याच्याकडे असेल त्याला तू ओळखत असशील तर त्याला निरोप दे. शुक्रवारच्या नमाजाआधी तो माझ्या ओट्यावर आला, तर मी नाव विचारणार नाही. भांडं कसंही असो, मी दुरुस्त करेन."

"ओळखत असेन तर देईन," तो म्हणाला.

बुधवार गेला. गुरुवारी मी दिवसभर ओटा सोडला नाही, जेवायलासुद्धा. कुणी आलं नाही. शुक्रवारी नमाज झाला, आणि मशिदीतून परतताना मला नऊ नंबरच्या दारात एक पांढरी गाडी उभी दिसली.

६

तिचा भाऊ दोनियोर गाडीला टेकून उभा होता. उंच, सुकलेल्या चेहऱ्याचा माणूस, नजर कुणाकडे नाही. ट्रंक अंगणात दरवाजाशी ठेवलेली. बरचिनोय ट्रंकेशेजारी उभी होती, करोमत ओसरीवर, आणि रिसोलत अर्थातच आत आलेली. नोसिर चुलीपाशी पाटावर बसून तसबीची जपमाळ फिरवत होता. मी बीबींना हाताला धरून आणलं होतं, दुसऱ्या हातात तो समोवार.

"उस्ता, झालं ते झालं," करोमत म्हणाली. "उगाच वाढवू नका."

"मी दहा मिनिटं बोलणार. मग गाडी जाऊ दे." मी समोवार सगळ्यांच्या मधे ठेवला. "हा तुमचा आहे, करोमत. बुवायदाला गेलेला नाही. पायावर नऊ घासल्याची खूण आहे, उन्हात बघ."

ती ओसरीच्या कडेवरून वाकून बघायला लागली आणि वाकलेलीच राहिली.

"मी म्हणतच होते," रिसोलत म्हणाली. "घरातलाच देऊन टाकला आणि चांदीचा..."

"थांब. रविवारी सकाळी या अंगणात काय ठरलं होतं? तूच मला सांगितलंस."

"एकाही भांड्यावर आकडा ठेवायचा नाही."

"कोण कोण होतं ते ऐकायला?"

"सगळ्याच. करोमत, मी, ही, बावीसवाली."

"मग मला सांग. आकडे पुसायचं काम जिच्याकडे होतं तिने चोरी केली असती, तर तिने या घरच्या समोवारावरचा नऊ पुसून तो तसाच कोरा बीबींना पाठवला असता. सगळी भांडी कोरीच गेली, हाही कोराच गेला असता, कुणाला काय कळतं? पण हा गेला त्यावर आकडा घालून. एकशे वीस भांड्यांत आकडा असलेलं हे एकच भांडं. का?"

दोनियोरने गाडीचं टेकण सोडलं आणि दोन पावलं आत आला.

"कारण चौदा घालणाऱ्याला माहीतच नव्हतं की आकडे पुसायचे आहेत," मी म्हटलं. "त्याला वाटलं भांडी नंबरासकट परत जातात, आणि नंबर दिसला की बीबी शंका घेणार नाहीत. म्हणजे रविवारी सकाळी तो या अंगणात नव्हता. करोमत होती, रिसोलत होती, ही होती. तिघी सुटल्या. शिवाय हिच्या हाताशी गुलाबी बाटली होती, मी तिचं काम पाहिलंय, एक ओरखडा नाही. नऊ ज्याने घासला त्याच्या हाताशी फक्त राख होती."

करोमत सरळ झाली. तिने अजून नवऱ्याकडे पाहिलं नव्हतं.

"आता हे सांगा," रिसोलतने विचारलं. तिला राहवलं नाही. "चोराने आपला चांगला समोवार का द्यावा? वर खडीसाखर का द्यावी?"

"कारण तो चोर नाही. चोर वर खडीसाखर ठेवत नाही. ज्याच्या हातून भांडं मोडलं तो ठेवतो." मी खिशातून कागदाची पुडी काढली आणि उघडून बीबींच्या तळहातावर ओतली. राखाडी, गोल, ज्वारीच्या दाण्याएवढे तीन थेंब. "हा डाख. समोवाराची तोटी ज्याने चिकटवतात तो. पाणी भरायच्या आधी नळीत निखारे टाकले की हा वितळतो, तोटी गळून पडते, तळ सुटतो. समोवाराच्या कोपऱ्यातल्या राखेत मिळाला मला. शनिवारी बीबींचा समोवार कोरडा पेटवला गेला."

मी इथे थांबलो. पुढचं नाव माझ्या तोंडून यायला नको होतं, आणि ते घ्यायची मला शरमही वाटत होती. राग येत होता म्हणा; चाळीस वर्षांच्या मित्राचा असा राग मला पहिल्यांदाच आला.

तसबीचे मणी वाजायचे थांबले. नोसिर उठला, कुणाकडे न बघता शिडी चढला. वर कबुतरं फडफडली. तो खाली आला तेव्हा एका हाताने शिडी धरलेली आणि दुसऱ्या काखेत पोत्यात गुंडाळलेला समोवार. त्याने पोतं काढलं. तोटी नव्हती, तिच्या जागी भोक, आणि पोट निळं-काळं पडलेलं. तोटी त्याने खिशातून काढून शेजारी ठेवली.

"पाहुण्यांची रांग लागली होती," तो म्हणाला. "मला वाटलं यात भरलंय पाणी. चाळीस वर्षांत एकदा."

"आणि बोलला का नाहीस?" बीबींनी विचारलं. "मी काय तुला खाल्लं असतं?"

"मी म्हटलं हळूच मार्गिलानला नेऊन डाख लावून आणेन आणि बदलून टाकेन. तोवर तुम्हाला कळणार नाही. मग कळलं. मग करोमतने हिचं नाव घेतलं, आणि... रोज वाटायचं उद्या सांगेन." तो बरचिनोयकडे वळला. "बाळ, तुला तर काहीच माहीत नव्हतं, आणि तुझ्यावर..."

"मला माहीत होतं, बाबा," बरचिनोय म्हणाली. "असाच एक थेंब मला रविवारी सापडला होता. माझे वडील डाख लावायचंच काम करायचे. मला बघताच कळलं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"मला वाटलं तुम्ही सांगाल."

नोसिरने तोंडावर हात घेतला, आणि हात तसाच राहिला.

मग करोमत ओसरीवरून खाली उतरली. तिने ट्रंकेची एक कडी धरली आणि उचलायला लागली. ट्रंक जड होती. दोनियोर बहिणीकडे बघत राहिला. बहिणीने मान हलवली, तेव्हा त्याने दुसरी कडी धरली, आणि दोघांनी ट्रंक परत आत नेली. जाताना करोमत काहीतरी बोलली, मला नीट ऐकू आलं नाही, आणि ते माझ्यासाठी नव्हतंच.

"ट्रंक राहू दे," बरचिनोय म्हणाली. "मी मात्र आज भावाबरोबर जाते. चार दिवस आईकडे राहते. येईन तेव्हा माझी मी येईन, कुणी आणायला येऊ नका."

७

बीबींच्या समोवाराला मी दोन दिवस घेतले. डाख नवा, कल्हई नवी. पोटावरचं निळं-काळं काही पूर्ण गेलं नाही. बीबींनी माझ्याच ओट्यावर बसून तो पेटवायला लावला, पाणी आधी भरलंय ना हे स्वतः बोट घालून पाहिलं, आणि कान देऊन बसल्या.

"गातोय," त्या म्हणाल्या. "आवाज जरा बसलाय. पण आता माझा तरी कुठे खणखणीत आहे?"

सोमवारी नोसिर आला. काखेत त्याचा स्वतःचा समोवार. तो ओट्यावर बसला नाही, उभाच राहिला.

"एर्गश, तो नऊ अजून दिसतो रे उन्हात. तू काढून दे. उद्या ती येईल, तिच्या नजरेला पडायला नको."

माझ्या मागे फळीवर नवसागर होता, लिंबू होतं, बारीक भुकटी होती. पाच मिनिटांचं काम.

"निघेल," मी म्हटलं. "पण मी नाही काढणार."

तो समोवार घेऊन गेला. आमची चाळीस वर्षं त्या दिवशी मोडली नाहीत, पण त्यांना तडा नक्कीच गेला, आणि तो कसा भरायचा हे मला अजून माहीत नाही.

बुधवारी दुपारी मी नऊ नंबरवरून चाललो होतो. दार उघडं होतं. नोसिर अंगणात जमिनीवर बसला होता, बाह्या वर केलेल्या, मांडीवर समोवार आडवा, बोटांवर दंतमंजन. समोर पाटावर बरचिनोय बसली होती. गुलाबी बाटली तिच्याजवळ होती, पण हात तिने मांडीवर ठेवले होते.

नोसिरने फडक्याने पाय पुसला आणि समोवार तिच्यासमोर उन्हात धरला. तिने वाकून, अगदी सावकाश पाहिलं.

"अजून दिसतोय, बाबा," ती म्हणाली.

त्याने समोवार परत मांडीवर घेतला आणि घासायला लागला.